उसना पांढरा कोट : सिगारेटच्या जाहिरातींचा इतिहास

शाळेत विज्ञान शिकवताना आपण मुलांच्या मनावर दोन गोष्टी पुनःपुन्हा बिंबवतो. एक, ज्याने एखाद्या विषयाचा अभ्यास केला आहे त्याचे म्हणणे ऐका. दुसरी, कोणाचेही म्हणणे तपासल्याशिवाय मान्य करू नका, शंका घ्या. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण विज्ञानाचा गाडा याच दोन चाकांवर चालतो. विसाव्या शतकात याच दोन सवयींचा आधार घेऊन एक माल जगभर खपवला गेला. तो नेमाने वापरणाऱ्या आणि कधीच न सोडणाऱ्या माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांचा मृत्यू अखेरीस त्याच्यामुळेच होतो. तो माल म्हणजे सिगारेट.

जाहिरातीत अतिशयोक्ती असते हे कोणाला सांगावे लागत नाही. बाजारात उभा राहणारा प्रत्येक विक्रेता आपला माल चढवून सांगतोच. सिगारेटच्या जाहिरातीची कथा मात्र याहून वेगळी आहे. तिने विज्ञानाकडून एकेक वस्तू उसनी घेतली. आधी डॉक्टरचा पांढरा कोट घेतला, मग आकडा घेतला, मग प्रयोगशाळा घेतली. हे सारे अपुरे पडू लागले तेव्हा तिने विज्ञानाचा सर्वांत मोलाचा गुण, म्हणजे शंका, हीसुद्धा उसनी घेतली. हा क्रम कसा घडला ते आम्ही या लेखात पाहणार आहोत. विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने यातला शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे.

मन वळवण्याच्या वाटा

माणसाचे मन कसे वळते, याचा विचार फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावर लिहिताना तीन वाटा सांगितल्या. पहिली वाट बोलणाऱ्याच्या चारित्र्याची व अधिकाराची, दुसरी ऐकणाऱ्याच्या भावनेची आणि तिसरी खुद्द युक्तिवादाची. आपल्याकडील न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातील शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आता आप्त कोणाला म्हणावे? न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने यासाठी मुख्यतः दोन अटी घातल्या आहेत. त्या माणसाला ती गोष्ट स्वतः साक्षात कळलेली असावी, आणि ती जशी कळली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी त्याची इच्छा असावी. केवळ विद्वान असणे पुरेसे नाही, हेतूही स्वच्छ हवा. ही दुसरी अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील कथेत ती आपल्याला वारंवार उपयोगी पडणार आहे.

यंत्र आले, गिऱ्हाईक हवे झाले

सिगारेट पूर्वी हाताने वळली जाई. कसलेला कामगारही मिनिटाला जेमतेम चार-पाच सिगारेटी वळू शके. १८८१ साली अमेरिकेत जेम्स बोन्सॅक याला सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. हे यंत्र मिनिटाला सुमारे २०० सिगारेटी वळी. जेम्स ड्यूक या उद्योजकाने ही यंत्रे आपल्या कारखान्यात बसवली आणि बघता बघता सिगारेटींचा ढीग पडू लागला. माल करणे सोपे झाले, तो ओढणारी माणसे निर्माण करणे हे आता खरे काम होऊन बसले.

यात आणखी एक अडचण होती. निरनिराळ्या कंपन्यांच्या सिगारेटींत फारसा फरक नसे. तंबाखू तीच, कागद तोच. जिथे वस्तूंत फरक नसतो तिथे तो शब्दांनी निर्माण करावा लागतो. म्हणून सिगारेट हा जाहिरातकलेच्या सर्व प्रयोगांचा आखाडाच बनला.

प्रथम भावनेची वाट चोखाळली गेली. १९२८ च्या सुमारास ‘लकी स्ट्राइक’ सिगारेटच्या जाहिराती स्त्रियांना सांगू लागल्या, की गोड खाण्याऐवजी आमची सिगारेट ओढा, म्हणजे अंग सुटणार नाही. पुढच्याच वर्षी एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींना उघडपणे सिगारेट पेटवायला लावले. ते साल १९२९. बर्नेज हा मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड याचा भाचा. या बेताआधी त्याने एका मनोविश्लेषकाचा सल्लाही घेतला होता. सिगारेटला स्वातंत्र्याची मशाल असे नाव देण्यात आले, आणि विक्रीची ही युक्ती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आली. स्त्रियांना खरोखरच समान वागणूक हवी होती. जाहिरातीने ती खरी इच्छा उचलली आणि तिच्या टोकाला सिगारेट बांधली.

डॉक्टर आणि आकडा

परंतु सिगारेट ओढणाऱ्याला खोकला येतो, घसा खवखवतो. हा अनुभव ‘प्रत्यक्ष’ या प्रमाणात मोडतो आणि भावनेने तो झाकता येत नाही. तेव्हा जाहिरातीला आप्ताची गरज भासली. त्या काळात डॉक्टरइतका विश्वासू आप्त दुसरा कोण असणार?

१९३० साली ‘लकी स्ट्राइक’ची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. २०,६७९ डॉक्टरांच्या मते ही सिगारेट घशाला कमी त्रास देते, असा तिचा दावा होता. या आकड्याकडे जरा निरखून पाहावे. वीस हजार म्हटले असते तर तो अंदाज वाटला असता. २०,६७९ म्हटले की कोणीतरी बसून एकेक मत मोजले असणार, असे वाचणाऱ्याला वाटते. नेमका आकडा हा मोजमापाची खूण असतो आणि मोजमाप ही विज्ञानाची खूण. म्हणून आकडा जितका नेमका तितका विश्वास अधिक.

मते खरोखर मोजलेली असतीलही. पण ती गोळा कशी केली? कंपनीच्या जाहिरात संस्थेने डॉक्टरांना सिगारेटची पाकिटे भेट पाठवली. सोबत पत्र जोडून विचारले, की नाजूक घशाला ही सिगारेट इतरांपेक्षा कमी त्रासदायक आहे असे आपणास वाटते का? भेट हाती, उत्तर प्रश्नातच सुचवलेले, आणि तुलनेसाठी कोणतीही चाचणी नाही. या सिगारेटची तंबाखू भाजलेली असते, हा त्या दाव्याचा आधार. वास्तविक उष्णतेची प्रक्रिया इतर कंपन्याही आपल्या तंबाखूवर करीत होत्याच. यांनी ती बोलून दाखवली, एवढाच फरक.

सशाचा डोळा

डॉक्टरचे मत झाल्यावर प्रयोगशाळेची पाळी आली. सिगारेटमधील तंबाखू सुकू नये म्हणून तीत ओलावा धरून ठेवणारा पदार्थ मिसळतात. बहुतेक कंपन्या त्यासाठी ग्लिसरीन वापरीत. फिलिप मॉरिस कंपनी डायएथिलीन ग्लायकॉल वापरू लागली. १९३४ साली कोलंबिया विद्यापीठातील मायकेल म्युलिनॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही प्रकारच्या सिगारेटींचा धूर द्रावणात घेऊन ते द्रावण त्यांनी सशांच्या डोळ्यांत घातले आणि किती सूज येते ते पाहिले. डायएथिलीन ग्लायकॉलच्या सिगारेटीने सूज कमी आली. या निष्कर्षाची जाहिरात कंपनीने थेट वैद्यकीय नियतकालिकांतून, म्हणजे डॉक्टरांसमोरच सुरू केली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्रात १९३३ पासून १९५३ पर्यंत सिगारेटच्या जाहिराती छापल्या जात होत्या, ही गोष्ट आज आश्चर्याची वाटते.

प्रयोग झाला, सूजही मोजली. मग चुकले कुठे? सशाच्या डोळ्याची सूज आणि माणसाच्या फुप्फुसाचे आरोग्य यांच्यामध्ये अनुमानाची एक लांब शिडी आहे. तिच्या मधल्या पायऱ्या कोणी बांधल्याच नव्हत्या. जाहिरात मात्र सरळ वरच्या पायरीवर उडी मारून उभी राहिली. शिवाय एक सिगारेट दुसरीपेक्षा कमी वाईट असणे म्हणजे ती चांगली असणे नव्हे. शर्यतीत सर्वच घोडे लंगडे असतील तर पहिला येणारा घोडाही लंगडाच असतो.

खरे सांगून केलेली फसवणूक

१९४२ साली ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाने अनेक प्रचलित सिगारेटींचा धूर प्रयोगशाळेत तपासून घेतला. सर्वांतील निकोटीन व डांबर यांत म्हणण्यासारखा फरक नाही, तेव्हा कोणती ओढावी याची चिंता करण्यात अर्थ नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता कोणत्याही यादीत कोणीतरी शेवटी असणारच. या यादीत ‘ओल्ड गोल्ड’ ही सिगारेट नगण्य फरकाने तळाशी होती. झाले, तिच्या कंपनीने मोठ्या जाहिराती दिल्या, की एका निःपक्ष चाचणीत आमच्या सिगारेटमध्ये निकोटीन व डांबर सर्वांत कमी आढळले.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने या जाहिरातीवर आक्षेप घेतला आणि १९५० साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने तो उचलून धरला. अर्धे सत्य सांगणे हाही फसवणुकीचा जुना मार्ग आहे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. विज्ञान शिकवणाऱ्यांना यात एक सुंदर पाठ सापडेल. दोन मापांत फरक असणे वेगळे आणि त्या फरकाला अर्थ असणे वेगळे. मापनातील त्रुटी हे प्रकरण विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते. त्यांना या ‘ओल्ड गोल्ड’ची गोष्ट सांगून पाहावी.

डॉक्टरांची दोन सर्वेक्षणे

१९४६ साली आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने ‘कॅमल’ सिगारेटसाठी एक मोहीम काढली. इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर अधिक आहेत, हे तिचे घोषवाक्य होते. जाहिरातीच्या चित्रात प्रसन्न चेहऱ्याचा, पांढऱ्या कोटातला डॉक्टर असे. तो खरा डॉक्टर नसे, कारण वैद्यकीय नीतिनियमांमुळे डॉक्टरला अशा जाहिरातीत उभे राहता येत नसे. कोट खरा, आतला माणूस उसना. घोषवाक्याला आधार म्हणून १,१३,५९७ डॉक्टरांच्या सर्वेक्षणाचा आकडा दिलेला असे. पुढे उपलब्ध झालेल्या माहितीवरून असे दिसते, की डॉक्टरांना त्यांची आवडती सिगारेट विचारण्याचे काम कंपनीच्या जाहिरात संस्थेची माणसे करीत. वैद्यकीय परिषदांमधून हे प्रश्न विचारले जात आणि बहुतेक वेळा त्याआधी डॉक्टरांच्या हाती कॅमलची फुकट पाकिटे ठेवलेली असत.

त्याच कंपनीने पुढे ३० दिवसांच्या चाचणीची जाहिरात केली. शेकडो स्त्रीपुरुषांनी ३० दिवस केवळ कॅमल ओढली, घशाच्या तज्ज्ञांनी त्यांना तपासले आणि त्या सिगारेटमुळे घशाला त्रास झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही, असे तिचे म्हणणे. कर्करोग व्हायला सिगारेट सुरू केल्यापासून बहुधा वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जावा लागतो. आंब्याची कोय पुरून महिन्याने फळ शोधावे आणि हे झाड वांझ आहे असे जाहीर करावे, त्यातलाच हा प्रकार.

याच सुमारास लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे दोन संशोधक वेगळाच प्रश्न घेऊन बसले होते. फुप्फुसाचा कर्करोग इतका का वाढतो आहे? मोटारींचा धूर, रस्त्यावरील डांबर अशी निरनिराळी कारणे सुचवली जात होती. त्यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७०९ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या आणि त्याच वयाच्या, पण अन्य आजारांच्या तितक्याच रुग्णांनाही तेच प्रश्न विचारले. १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत सिगारेट-पाईप कधीच न ओढलेले केवळ २ होते. तुलनेसाठी घेतलेल्या ६४९ पुरुषांत असे २७ होते. त्या काळी जवळजवळ सर्वच पुरुष धूम्रपान करीत. त्यामुळे धोका डोळ्यांना दिसत नव्हता. तो दिसण्यासाठी तुलनेचा गट लागला. त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहॅम यांनी ६८४ रुग्णांच्या अभ्यासातून हेच दाखवले. डॉल स्वतः सिगारेट ओढत. आपलेच आकडे पाहून त्यांनी ती सोडली.

डॉल व हिल यांचे यावर समाधान झाले नाही. आजारी माणूस आपल्या सवयी आजाराच्या छायेत आठवतो, ही शंका उरतेच. म्हणून ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना एक साधी प्रश्नावली टपालाने पाठवली. आपण धूम्रपान करता का, किती करता, सोडले असल्यास केव्हा सोडले? ४०,७०१ डॉक्टरांनी उपयोगी पडतील अशी उत्तरे दिली. मग दोघे थांबले आणि यांपैकी कोण, केव्हा आणि कशाने मरण पावतो याची नोंद ठेवत राहिले. १९५४ साली त्यांनी पहिला अहवाल दिला. ३५ वर्षांवरील पुरुष डॉक्टरांत तोवर ७८९ मृत्यू झाले होते. त्यांपैकी ३६ फुप्फुसाच्या कर्करोगाने झाले होते. धूम्रपान न करणाऱ्यांत असा एकही मृत्यू नव्हता आणि तंबाखूचे प्रमाण वाढेल तसे या रोगाने मरण्याचे प्रमाण वाढत होते.

ही दोन सर्वेक्षणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही डॉक्टरांचीच. कॅमलचा आकडा लंडनच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. परंतु पहिल्यात डॉक्टर काय ओढतात एवढेच विचारले आणि त्यातून ते निर्धोक आहे असे सुचवले. दुसऱ्यात डॉक्टर काय ओढतात ते विचारून पुढे त्यांचे काय होते ते पाहिले. पहिल्याचे उत्तर प्रश्न विचारण्यापूर्वीच ठरलेले होते. दुसऱ्याचे उत्तर प्रश्न विचारणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. ब्रिटिश डॉक्टरांचा हा अभ्यास तब्बल ५० वर्षे चालला. २००४ च्या अहवालानुसार, आयुष्यभर सिगारेट ओढणारे पुरुष न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे १० वर्षे आधी मरण पावतात.

शंकेचा व्यापार

डिसेंबर १९५३ मध्ये विंडर, ग्रॅहॅम आणि क्रोनिंगर यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिगारेटच्या धुरातील डांबर उंदरांच्या पाठीवर फासले असता शेकडा ४४ उंदरांना कर्करोग झाला. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली. सिगारेटचा खप घसरू लागला. त्याच महिन्यात अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र जमले आणि जनसंपर्काचे काम करणाऱ्या हिल अँड नोल्टन या संस्थेची मदत त्यांनी घेतली.

त्यातून निर्माण झालेली जाहिरात ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एकाच वेळी छापली गेली. तीत सिगारेटचे चित्र नव्हते, सुंदर तरुणी नव्हती आणि डॉक्टरही नव्हता. पानभर गंभीर मजकूर होता. त्याचा आशय असा : कर्करोगाची अनेक संभाव्य कारणे संशोधकांनी सुचवली आहेत. खरे कारण कोणते याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. सिगारेट हे त्यांपैकी एक कारण असल्याचा पुरावा नाही. नुसत्या आकडेवारीवर जाल तर आधुनिक जीवनातील इतर अनेक गोष्टींनाही दोष देता येईल. तरीही जनतेचे आरोग्य ही आपली सर्वांत मोठी जबाबदारी मानून कंपन्या संशोधनाला पैसा देतील आणि त्यासाठी एक समिती नेमतील.

आमच्या मते जाहिरातीच्या इतिहासातील ही सर्वांत हुशार जाहिरात होय. सिगारेट चांगली आहे, असे ती म्हणतच नाही. अजून कळलेले नाही, एवढेच ती म्हणते. आणि हे वाक्य तर प्रत्येक प्रामाणिक शास्त्रज्ञ रोज म्हणत असतो! समितीच्या वैज्ञानिक बाजूचे प्रमुख म्हणून क्लॅरेन्स कुक लिट्ल या नामांकित आनुवंशशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. समितीने अनेक वैज्ञानिकांना अनुदाने दिली, त्यातून चांगले संशोधनही झाले. पण मूळ प्रश्नावरचे उत्तर दरवर्षी एकच असे, की अधिक संशोधनाची गरज आहे. १९५४ नंतर खप पुन्हा वाढू लागला आणि १९६३ साली त्याने उच्चांक गाठला. त्या वर्षी अमेरिकेत दर प्रौढामागे चार हजारांहून अधिक सिगारेटी खपल्या.

दरम्यान गाळणीच्या सिगारेटी आल्या. १९५२ साली आलेल्या ‘केंट’ सिगारेटच्या जाहिरातीत तिची गाळणी अणुऊर्जा केंद्रांतील हवा गाळणाऱ्या द्रव्यापासून केल्याचे सांगितले जाई. गाळणीतले ते द्रव्य होते निळे ॲस्बेस्टॉस. त्याचे तंतू स्वतःच कर्करोगाला कारण होतात. १९५६ पर्यंत ते वापरात होते.

येथे एक प्रश्न उभा राहील. तेव्हा शंका घेणारे सगळेच लबाड होते का? नव्हते. आधुनिक संख्याशास्त्राचे एक प्रवर्तक रोनाल्ड फिशर यांनीही १९५७-५८ च्या सुमारास आक्षेप घेतला. कदाचित एखाद्या आनुवंशिक गुणामुळे काही माणसांना धूम्रपानाची ओढ लागत असेल आणि त्याच गुणामुळे त्यांना कर्करोगही होत असेल, असे त्यांचे म्हणणे. ते तंबाखू उत्पादकांच्या संघटनेचे सल्लागार होते हे खरे. पण हेतू कसाही असला तरी आक्षेप तपासण्यासारखा होता, कारण त्यातून एक निश्चित भाकीत निघते. दोष जर आनुवंशिक असेल तर सिगारेट सोडून काही फायदा होऊ नये. डॉल-हिल यांच्या १९६४ च्या अहवालात नेमके याचे उत्तर मिळाले. ज्या डॉक्टरांनी सिगारेट सोडली होती, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होत गेले होते. शंका घेतली, ती तपासली आणि ती फिटली. विज्ञानातील शंकेचे आयुष्य असे असते.

जाहिरातीतील शंकेला मात्र मरण नसते. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. हजारो शोधनिबंध तपासून सिगारेट हे पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले. तरीही १९६९ साली एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहिलेले आढळते, की शंका हाच आपला माल आहे, कारण लोकांच्या मनातील वस्तुस्थितीशी झुंजण्याचा तोच उत्तम उपाय आहे. ही कागदपत्रे १९९० नंतरच्या दशकात उजेडात आली. १९९८ साली अमेरिकेतील ४६ राज्यांशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांना ती संशोधन समिती बंद करावी लागली. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी जनतेची अनेक दशके फसवणूक केल्याचा निर्णय दिला. न्यायालयाच्या हुकमानुसार नोव्हेंबर २०१७ पासून त्याच कंपन्यांना स्वखर्चाने वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर खरी माहिती सांगणाऱ्या जाहिराती द्याव्या लागल्या. धूम्रपानाने दररोज सरासरी १,२०० अमेरिकन माणसे मरतात, हे त्यांतले एक विधान होते.

उंदरांवरील प्रयोगातील इव्हार्ट्‌स ग्रॅहॅम हे नामवंत शल्यचिकित्सक होते. कर्करोगाने ग्रासलेले संपूर्ण फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी १९३३ साली केली होती. ते स्वतः अनेक वर्षे भरपूर सिगारेट ओढत. स्वतःचे संशोधन पटल्यावर त्यांनी ती सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा मृत्यू झाला.

आपल्याकडे

हा इतिहास अमेरिका-इंग्लंडचा असला तरी आपण त्याच्या बाहेर नाही. १९५५ साली, म्हणजे ती गंभीर जाहिरात प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्याच वर्षी, संघवी, राव आणि व्ही. आर. खानोलकर यांचा शोधनिबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील रुग्णांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले, की तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या आणि ओढणाऱ्यांत घशाकडील भागाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असते. आपल्या तंबाखूचे, विडीचे आणि तपकिरीचे स्वतःचे प्रचारक होतेच. मशेरीने दात स्वच्छ व बळकट होतात, हा समज महाराष्ट्रात घरोघरी होता आणि बाजारातील तंबाखूयुक्त दंतमंजनांनी त्याला आरोग्याचे रूप दिले होते. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. २००३ च्या कायद्यानुसार १ मे २००४ पासून तंबाखूच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष जाहिरातींवरही बंदी आली. त्यावर पळवाट निघाली. तंबाखूच्या पुडीवर असणारेच नाव वेलचीच्या किंवा पानमसाल्याच्या डबीवर घालून नामांकित नटांकरवी त्याची जाहिरात करायची. नाव मनात बसले की काम झाले.

वर्गात काय करता येईल

आम्ही दोन साधे उपक्रम सुचवू इच्छितो. पहिला उपक्रम असा. विद्यार्थ्यांना महिनाभर वर्तमानपत्रे व मासिकांतील जाहिरातींची कात्रणे जमवायला सांगावी आणि त्यांचे चार गट करायला लावावे. चेहरा, भावना, आकडा आणि प्रयोगशाळा. प्रत्येक कात्रणाखाली मुलांनी काही प्रश्न लिहावे. सांगणाऱ्याला ही गोष्ट स्वतःला ठाऊक आहे का? ती जशी आहे तशी सांगण्यात त्याचे हित आहे, की वेगळी सांगण्यात? तुलना कशाशी केली आहे? किती काळ पाहिले? किती जणांना विचारले आणि विचारण्यापूर्वी त्यांना काय दिले?

दुसरा उपक्रम मुलांना अधिक आवडेल. दोन दुकानांतून शेंगदाण्याच्या चिकीचे दोन प्रकार आणावे. एका तुकडीत वर्गात शिरताना प्रत्येकाच्या हाती पहिल्या प्रकारची चिकी द्यावी आणि मग कोणती चिकी आवडते ते विचारावे. दुसऱ्या तुकडीत आवरण काढून दोन्ही प्रकार सारख्याच कागदांत, कोणता कोणता ते न सांगता द्यावे आणि तोच प्रश्न विचारावा. दोन्ही तुकड्यांचे आकडे फळ्यावर लिहावे. पहिल्या तुकडीच्या आकड्यावरून मुलांनी स्वतःच एक जाहिरात तयार करावी. जाहिरातीत एकही शब्द खोटा असता कामा नये, ही अट घालावी. खोटे न बोलता किती फसवता येते, हे स्वतः करून पाहिल्याखेरीज नीट उमगत नाही.

या सर्वांतून मुलांनी प्रत्येक गोष्टीवर अविश्वास ठेवायला शिकावे, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. १९५४ च्या त्या जाहिरातीला नेमके तेच हवे होते. सगळेच अनिश्चित आहे असे ज्याला वाटते, तो आपली सवय बदलत नाही. म्हणून ‘शंका घ्या’ एवढे सांगून शिक्षकाचे काम संपत नाही. काय दिसले म्हणजे तुझी शंका फिटेल, हा पुढचा प्रश्नही विचारायला हवा. फिशर यांच्या आक्षेपाला या प्रश्नाचे उत्तर होते, म्हणून तो दहा वर्षांच्या आत निकालात निघाला. कंपन्यांच्या शंकेला ते कधीच नव्हते, कारण ती फिटावी अशी कोणाची इच्छाच नव्हती. आपल्या विद्यार्थ्यांना या दोहोंतला फरक ओळखता येऊ लागला, तर पांढरा कोट स्वतःचा आहे की उसना, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.